रैनूच्या शेजारचा बुटका दगड

आम्ही गडचिरोलीला निघालोय हे कळल्यावर आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली जेवढी माणसं भेटायला आली, तेवढी माझ्या लेकीच्या लग्नाआधीही आली नव्हती. तळमजल्याच्या काकूंनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तिकडे कुठे बसायचं, कुठे बसायचं नाही याची शिकवणी घेतली. ते स्वतः कल्याणच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत. 'पण तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?' हा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच होता, आणि आम्ही काही बघायला चाललोच नव्हतो.

प्रभाकर म्हणजे माझा नवरा. मुंबईवर हल्ला झाला त्या नोव्हेंबरात तो स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला होता. एक गोळी त्याच्या मांडीत शिरली. गोळी निघाली, सळई बसली, आणि प्रभाकर आमच्या सोसायटीचा मानकरी झाला. दरवर्षी खालच्या पटांगणात श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. मोठा फ्लेक्स लागतो, त्यावर सगळ्या देशाला माहीत असलेले चेहरे असतात, आणि प्रभाकरला पुढच्या खुर्चीत बसवून शाल-नारळ देतात. नारळाच्या वड्या होतात. शालींनी मात्र माझं एक अख्खं कपाट अडवलं आहे.

मग तो माईकवर आपली गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी तो बाकाखाली लपला होता. अलीकडे तोच बाक उचलून त्याने इतरांवर आडवा धरलेला असतो. मी ऐकून घेते. कारण गोष्टीचा शेवट तो कधी बदलत नाही. 'दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर रैनू होता. भामरागडकडचा. तो गेला. त्याचंही नाव घ्या.'

ते नाव फ्लेक्सवर कधी आलं नाही. मागच्या कार्यक्रमात तर अध्यक्षांनी त्याच्या हातातून हलकेच माईक काढून घेतला आणि म्हणाले, "काका, सगळ्यांची नावं घेत बसलो तर आइस्क्रीम वितळेल."

प्रभाकर घरी आला. शाल कपाटात कोंबली. मी मशीनवर होते; मी ब्लाउज शिवते, ओळखीतले शर्टही. माझ्या पाठीमागे उभा राहून तो म्हणाला, "चल, जाऊन येऊ. त्याची आई असेल तर तिला सांगू, की मुंबईत दोन माणसांना तो आठवतो."

एरवी बाहेर जायचं म्हटलं की माझ्याकडे शिवायचे कपडे पडलेले असतात. या वेळी मी मशीनवर कापड झाकलं. रैनू मलाही आठवत होता. बांधकामावर कामाला होता तो. भातकापणीसाठी घरी निघाला होता, आणि स्टेशनातच त्याच्या कंबरेत गोळी लागली. मी डबा आणायचे तो दोघं एकाच ताटलीत खायचे. 'आमच्याकडची मुंग्यांची चटणी खाल्ली असती तं गोळी आपोआप बाहेर आली असती,' असं तो डॉक्टरांना सांगायचा. जखम चिघळेपर्यंत सबंध वॉर्ड त्याने हसवत ठेवला होता.

चंद्रपूर

चंद्रपूरला उतरल्याबरोबर रिक्षावाल्याने विचारलं, "वाघ पाहाले आले का?"

नाही म्हटल्यावर त्याने आमच्याकडे असं पाहिलं, की मला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं. लॉजच्या मॅनेजरने तेच विचारलं. चहावाल्याने तेच. लॉजच्या भिंतींवर वाघ, पडद्यांवर वाघ, आमच्या खोलीतल्या चादरीवर तर असा वाघ होता की त्याच्या तोंडावर झोपायचं की शेपटीवर, एवढंच आपल्या हातात.

प्रभाकरला नवं गाव म्हणजे नवे श्रोते. चहाच्या टपरीवर त्याने बाक आडवा धरण्यापर्यंत गोष्ट आणली. आमच्याकडे या जागी लोक 'बापरे' म्हणतात. चहावाल्याने कप विसळत शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "गोळी एकदाच लागली का?"

"एकदाच," प्रभाकर म्हणाला.

"आमच्या इथी वाघ रोज येते भाऊ."

मग त्याने स्वतःच्या साडूची गोष्ट सांगितली. साडू वावरात वाकलेला होता आणि उभा राहिला तेव्हा समोर वाघ होता. ती गोष्ट इतकी चांगली होती की टपरीवरची सगळी माणसं त्याच्याकडे वळली आणि प्रभाकरचा चहा गार झाला. इतक्या वर्षांत त्याला गप्प बसवणारा पहिला माणूस मला चंद्रपुरात भेटला. मी त्याच्याकडून आणखी एक चहा घेतला.

सावली

सावलीला प्रभाकरचे ऑफिसातले जुने स्नेही बंडूभाऊ राहतात. निवृत्तीनंतर ते गावी येऊन धान पिकवतात. आम्ही गेलो तेव्हा मळणी संपत आली होती आणि गावभर नव्या तांदळाचा वास होता.

आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का?' असं विचारतात आणि पाहुणा 'नको, आत्ताच झाला' म्हणतो. या प्रश्नोत्तरात दोन्ही घरांची साखर वाचते. बंडूभाऊंच्या घरी कोणी काही विचारतच नाही. पाट मांडला, ताट आलं. नवा भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी, आणि मिरची इतकी की प्रभाकरच्या कानातून वाफ निघायची बाकी राहिली.

"काऊन, तिखट झालं का?" वहिनींनी विचारलं.

"नाही, नाही," तो डोळे पुसत म्हणाला.

"मंग घ्या न," असं म्हणून त्यांनी आणखी वाढलं.

जेवणानंतर बंडूभाऊंनी आमचा बेत ऐकला आणि पान लावता लावता थांबले. "त्या पोराची माय जिती असन तं थे काय म्हनन, याचा इचार केला का तुमी? तुमी जिते दिसान तिले. तिचा पोरगा नाई."

मी बंडूभाऊंवर जरा रागावलेच. जेवू घालून कोणी असं बोलतं का! पण त्यांचं वाक्य माझ्यासोबत पुढच्या गाडीत चढलं.

अहेरी

अहेरीला आम्ही पोचलो तो आठवडी बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, सुकी मासळी, मोहफुलं, डिंक, पत्र्याच्या पेट्या आणि त्यांच्यामध्येच चिनी बनावटीचे बोलणारे खेळ. एका कोपऱ्यात तेलुगूत भांडण चाललं होतं, दुसऱ्यात गोंडीत सोयरीक जमत होती, आणि आम्हाला दोन्हींतलं सारखंच कळत होतं. मी साड्यांच्या पालासमोर उभी राहिले. समोरून जाणाऱ्या माणसाचं माप डोळ्यांनी घ्यायची मला खोड आहे. त्या बाजारात मला पोट सुटलेला माणूस शोधूनही सापडेना. शेवटी एक सापडला, तो प्रभाकर निघाला.

रैनूच्या गावाचं नाव आम्हाला पाठ होतं. ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही; उगाच कोणी कॅमेरे घेऊन जाईल. भामरागडला जाणारी जीप मिळाली. ड्रायव्हरला गावाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "हव, मालूम आहे. मुंबईवाल्याच्या दगडाचं गाव."

मग त्यानेच समजावलं. तिकडचे माडिया लोक मेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करतात. सणाला त्याच्यापुढे पानावर जेवण ठेवतात, मोहाची दारू ओततात. दगड उभा राहिला की माणूस आपल्या लोकांत परत आला.

प्रभाकरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघ," तो म्हणाला, "आपल्याकडे फ्लेक्सवर नाव घालत नाहीत. इथे दगड उभा आहे त्याच्या नावाने."

"दोन हायेत," ड्रायव्हर म्हणाला. "एक लंबा, एक बुटका."

दुसरा कोणाचा असेल, याचा त्या वेळी आम्ही विचार केला नाही. रस्ता असा होता की दात दातांवर आपटत होते.

भामरागड

भामरागडला नद्या एकमेकींना येऊन मिळतात. पावसाळ्यात त्या गावाला जगापासून तोडून टाकतात म्हणे, पण आम्ही गेलो तेव्हा पाणी निवळ होतं आणि वाळूवर ऊन सांडलेलं होतं. पुढे रैनूच्या गावाला डोंग्यातून जायचं. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं पोखरलेलं खोड. त्यात हलायचं नाही, एवढा एकच नियम.

"तुमी हालू नका," नावाड्याने सांगितलं.

प्रभाकर सबंध नदी हालला नाही. पलीकडचा काठ हाताला लागेल इतका जवळ आला आणि त्याला संगमाचा फोटो काढावासा वाटला. तो उभा राहिला. नंतर तो गुडघाभर पाण्यात बसलेला होता आणि फोन हात वर करून धरलेला होता. नावाडी इतका हसला की त्याने आमच्याकडून काही घ्यायलाच नकार दिला. पँट पिळून झाडावर टाकली. बॅगेत दुसरी होती, ती तळाशी ठेवली होती आणि डोंग्यात शिरलेल्या पाण्याने तीही भिजली. कोरड्या राहिल्या त्या फक्त रैनूच्या आईसाठी आणलेल्या सोसायटीच्या शाली. त्यांतली एक, सोनेरी काठाची, प्रभाकरने कंबरेला गुंडाळली. त्या थाटात सोसायटीचा मानकरी रैनूच्या गावात शिरला.

नदीपलीकडे

गाव छोटं आणि लख्ख झाडलेलं होतं. लोकांनी आमच्यासाठी मोहाच्या झाडाखाली खाट टाकली, आंबील दिली, आणि प्रभाकरच्या शालीकडे पाहायचं नाही असा शिष्टाचार जमेल तितका वेळ पाळला. एका म्हाताऱ्या भाऊंनी विचारपूस सुरू केली. तिकडे जात विचारत नाहीत, देव विचारतात. ज्यांच्या घराण्यात देव सारखे ते भाऊ, ज्यांचे वेगळे ते सोयरे. त्यावरून तुमची थट्टा करायची की मान ठेवायचा हे ठरतं.

"तुमचे देव किती?" त्यांनी विचारलं.

प्रभाकरला या विषयाची तयारी नव्हती. "तेहतीस कोटी," तो म्हणाला.

म्हातारे भाऊ बराच वेळ विचार करत राहिले. मग त्यांनी काळजीने विचारलं, "इतक्या देवाईले कोंबडे कोन देते?"

मुंग्यांची चटणी आली. आंबट, झणझणीत, चांगली लागली. प्रभाकरला हुरूप आला, आणि त्याने गोष्ट काढली. या वेळी बाक त्याने अगदी थोडाच उचलला. मांडीवरचा व्रण दाखवायला शाल बाजूला केली. मग म्हणाला, "दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर रैनू होता. तुमचा रैनू. आम्ही एका ताटलीत जेवायचो."

बायका उठून उभ्या राहिल्या. एकीने तोंडावर पदर धरला. मागून एक पन्नाशीचा माणूस आला, प्रभाकरच्या समोर उकिडवा बसला, आणि त्याचा दंड त्याने चांगला चिमटीत धरून पिळला. प्रभाकर ओरडला.

"तुमी तं मेले होते न, भाऊ!" तो माणूस म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"मीच सांगतलो!"

हा चिन्ना. रैनूची बहीण मैनी हिचा नवरा. रैनू गेल्याचा निरोप आल्यावर गावातून मुंबईला हाच एकटा गेला होता. रैनूच्या बांधकामावरच्या मुकादमाने त्याला सांगितलं की शेजारच्या खाटेवर एक काका होते, रैनू त्यांच्या ताटलीत जेवायचा. रैनूला तिकडेच माती देऊन चिन्ना त्या काकांना भेटायला वॉर्डात गेला. दोन्ही खाटा रिकाम्या. दोन्ही गाद्या गुंडाळलेल्या. प्रभाकरला त्याआधीच सळई बसवायला वरच्या मजल्यावर हलवलं होतं. पण चिन्नाला कोणी काही धड सांगितलं नाही, आणि त्याने जे दिसलं त्यावरून ओळखलं.

"दवाखान्यात गादी गुंडाळली, मंग काय समजाचं?" तो म्हणाला. "तं वापस आलो आन् सांगतलो, त्या काकाले तिकडे एवढ्या मोठ्या शहरात कोन आठवन? रैनूसंग जेवले, म्हनजे भाऊच. मंग दोघायचे दगड आनलो."

गावाबाहेरच्या वाटेवर, सागाच्या सावलीजवळ, ते उभे होते. एक उंच आणि सडपातळ. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, एक बुटका आणि रुंद.

प्रभाकर आपल्या दगडासमोर कंबरेला शाल गुंडाळून उभा राहिला. दगडाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "माझा एवढासा का?"

"मी तुमाले पाह्यलो नाई न. मुकादमाले इचारलो, काका कसे होते? थो म्हने, बुटके होते, पोट होतं, आन् तोंड बंद होत नोतं."

मी माप घेणारी बाई. खोटं कशाला बोलू, दगड बरोबर होता. लांबी कमी, घेर जास्त, मान जवळजवळ नाहीच.

"दर पंडुमले तुमच्या नावानं पान ठेवतो," चिन्ना म्हणाला. पंडुम म्हणजे त्यांचे सण, नवं पीक आलं की, नवे आंबे आले की. "दारू ओततो."

"पण मी पीत नाही!" प्रभाकर म्हणाला.

"इतके वर्सं तं पेले."

सगळं गाव हसलं. चिन्ना बहिणीचा नवरा, म्हणजे बायकोच्या भावांची थट्टा करणं त्याचं कर्तव्यच, आणि प्रभाकर आता त्या भावांत जमा होता. इतक्या वर्षांची थट्टा त्याने एका दुपारी वसूल केली. मी मात्र त्या दगडापासून लांब उभी राहिले. मला ते बघवेना. नवरा समोर धडधाकट उभा, आणि त्याच्या नावाचा दगड! मैनीने माझ्या हातात मोहाचा द्रोण द्यायचा प्रयत्न केला, मी हात मागे घेतला. मी अशा गोष्टी मानत नाही असं लोकांना सांगत असते, पण तेव्हा माझा हात मंगळसूत्राकडे गेला.

"मायही ओतत नाई," मैनी हळूच म्हणाली. "रैनूचा दगड आनला तवापासून एकदाबी नाई. आमीच ओततो."

तेव्हा मी पहिल्यांदा रैनूच्या आईकडे नीट पाहिलं. ती खाटेजवळून उठून आमच्या मागे मागे आली होती. वाळलेली, ताठ म्हातारी. सगळे हसत होते, ती हसत नव्हती. ती एकटक प्रभाकरकडे पाहत होती. मग आपल्या भाषेत काहीतरी बोलली, आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

मैनी मराठीत सांगेना. मी पुन्हा विचारलं.

"माय म्हनते," मैनी म्हणाली, "हा आला. मंग माहा रैनू कुठी हाये?"

बंडूभाऊ पान लावताना हेच म्हणाले होते.

चिन्नाने खाली पाहिलं. "मी पाह्यलो त्याले, माय. माह्या डोळ्यानं पाह्यलो."

म्हातारीने त्याला तोडलं. मैनीने सांगितलं, "म्हनते, याचंबी तूच सांगतला होता."

ज्या माणसाने दोघे गेल्याचं सांगितलं होतं, त्यातला एक चालत गावात आला होता. चिन्नाचा शब्द गेला. रैनूचा दगडही इतकी वर्षं चिन्नाच्या शब्दावरच उभा होता. प्रभाकरने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या गोष्टी त्याच्या, पण ही माझ्याकडे होती. मी ती त्यालाही कधी पुरती सांगितली नव्हती. तो सळईच्या ऑपरेशनमध्ये होता तेव्हाची.

मी म्हातारीजवळ जाऊन जमिनीवर बसले. मैनीला म्हटलं, एकेक वाक्य सांग.

"मी कपडे शिवते. रैनूचा शर्ट दवाखान्यात कापून काढला होता. तो मला म्हणाला, मला घरी जाताना शर्ट शिवून द्या, दोन खिशांचा. मी त्याचं माप घेतलं. टेप काखेत गेली की तो हसायचा. त्याला फार गुदगुल्या व्हायच्या."

म्हातारीची नजर माझ्याकडे वळली.

"त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. मी विचारलं, असा कसा? तर म्हणाला, लहानपणापासून कावड वाहिली."

म्हातारीने आपला हात उचलून स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला. तिने मैनीला काही विचारलं नाही, म्हणून मी पुढे बोलत राहिले.

"मी निळा शर्ट शिवला. उजवा खांदा खाली उतरवून शिवला, म्हणजे अंगावर सरळ बसेल. सकाळी घेऊन गेले, तर तो गेला होता. मी खाली, जिथे त्याला ठेवलं होतं तिथे गेले. तिथल्या लोकांना विनवलं. आणि मी त्याला शर्ट घातला, बाई. मी स्वतः. त्याचा हात थंड होता. वळत नव्हता. बाहीत जाईना. मग मी कात्रीने शर्ट मागून उभा कापला, आणि पुढून घातला. समोरची बटणं लावली. दोन्ही खिसे सरळ केले."

चिन्ना एकदम खाली बसला. "मागून फाटका होता," तो म्हणाला. "निळा. मी पाह्यलो. मले वाटलं, मुंबईवाल्यायनं फाटका शर्ट घातला आमच्या पोराले. मले लाज वाटली, मी घरी कोनालेच सांगतलो नाई. मायलेबी नाई."

मैनीने दोघांचं बोलणं म्हातारीला सांगितलं. म्हातारी माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने माझी बोटं आपल्या हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली, कात्रीचे घट्टे चाचपले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात रडायला मला वेळ मिळाला नव्हता. वर ऑपरेशन सुरू होतं.

आता प्रश्न राहिला बुटक्या दगडाचा. म्हातारे भाऊ म्हणाले, जित्या माणसाचा दगड ठेवणं बरं नाही, काढून टाकू. दोघेजण पहार आणायला निघालेसुद्धा. मलाही ते पटलं होतं. पण म्हातारीने हात वर केला.

"माय म्हनते, राहू द्या," मैनी म्हणाली. "तिकडचं एक मानूस रैनूजवळ पाहिजे. त्याले वळखनारं. एकटा काऊन उभा ठेवता त्याले?"

आणि म्हातारीने मैनीच्या हातातला द्रोण घेऊन माझ्या हातात दिला. माझं मनगट धरून मला बुटक्या दगडापाशी नेलं. या वेळी मी हात मागे घेतला नाही. दुपारभर ऊन खाऊन दगड तापला होता. मी त्यावर तळवा टेकला, तर तो तापातल्या अंगासारखा ऊन लागला, आणि वाटलं, थोडक्यात वाचलो आपण. हे इतकी वर्षं मी मशीनच्या आवाजात दाबून ठेवलं होतं. मी दगडावर मोहाची दारू ओतली.

"जरा जपून," मागून प्रभाकर म्हणाला. "पहिल्यांदाच समजून पितोय."

म्हातारीने मैनीकडे पाहिलं. मैनीने सांगितलं. म्हातारीने हाताची चापट मारली, प्रभाकरला नव्हे, त्याच्या दगडाला, आणि दात नसलेल्या तोंडाने मोठ्याने हसली.

"माय म्हनते, मुकादम खरं सांगतला होता," मैनी म्हणाली. "याचं तोंड मेल्यावरबी बंद होत नाई."

हसणं ओसरल्यावर म्हातारीने माझ्या हातातून द्रोण परत घेतला. त्यात तळाशी थोडी उरली होती. ती उंच दगडापाशी गेली. उजव्या बाजूला, जिथे खांदा असतो त्या उंचीवर, तिने हात फिरवला. मैनीने माझा हात घट्ट धरला. मग म्हातारीने काहीतरी पुटपुटत उरलेली सगळी दारू रैनूवर ओतली.